घरात नसबंदी न झालेली मादी आणि नर: माज येण्यापूर्वी नेमके काय करावे?

सोनचाफा

नमस्कार. साताऱ्याच्या बाहेर आमचे बैठे घर आहे आणि घरात दोन कुत्रे आहेत. चिंगी ही लॅब्रॅडॉर मादी दोन वर्षांची असून शेरा हा मुधोळ नर दहा महिन्यांचा आहे. दोघांचीही नसबंदी झालेली नाही. चिंगी मागच्या वेळी माघात माजावर आली होती. तेव्हा शेरा नुकताच घरी आलेला होता आणि त्याला त्यातले काही कळत नव्हते. आता पुढची वेळ श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येईल असा अंदाज आहे आणि शेराची उंची माझ्या कमरेला लागली आहे.

घरात तीन मते आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की मादीला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, नाहीतर पुढे तिची तब्येत बिघडते. यजमानांचे मत आहे की नराचे ऑपरेशन छोटे आणि स्वस्त असते, तेवढे उरकले की विषय संपला. पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात विचारले तर त्यांनी डायपरचे पाकीट पुढे केले. मला पिल्ले नको आहेत, मात्र घाईने चुकीच्या क्रमाने काही करायचेही नाही. आधी कोणाचे ऑपरेशन करावे, आणि तोवर दोघांना एका घरात कसे ठेवावे, याबद्दल अनुभवी लोकांनी सांगावे.

घाटमाथा

माझे स्पष्ट मत: आधी चिंगी. यजमानांचे गणित पैशांच्या बाजूने बरोबर आहे, कारण नराच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागत नाही; पण तुमच्या प्रश्नाला ते उत्तर पुरे पडत नाही. नसबंदीनंतरही नराच्या नलिकांमध्ये शुक्राणू काही आठवडे शिल्लक राहतात, म्हणून त्याला महिना-दीड महिना माजावरच्या मादीपासून दूरच ठेवावे लागते. म्हणजे आज आषाढात शेराचे ऑपरेशन केले आणि चिंगी थोडी लवकर माजावर आली, तर तुम्ही जिथे होता तिथेच. शिवाय शेरा हा तुमच्या वस्तीतला एकटा नर नाही. बैठ्या घराला कंपाउंडची भिंत असते आणि भाद्रपदात त्या भिंतीवरून कोण कोण येईल याची यादी तुम्हाला रात्री ओरडण्यावरूनच कळेल. मादीचे ऑपरेशन झाले की घरातला आणि गल्लीतला असे दोन्ही प्रश्न एकदम मिटतात.

दुसरे कारण वयाचे आहे. चिंगी पूर्ण वाढलेली आहे. शेरा अजून वाढतो आहे, आणि मोठ्या अंगाच्या कुत्र्यांची नसबंदी फार लवकर केल्यास काही जातींमध्ये सांध्यांचे त्रास वाढतात असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांना आढळले आहे. त्यांचा गोल्डन रिट्रीव्हरवरचा अभ्यास २०१३ साली आला आणि पुढे २०२० साली त्यांनी ३५ जातींची माहिती मांडली. मुधोळसारख्या उंच कुत्र्याला वर्ष-सव्वा वर्षाचा होऊ देण्यात काही बिघडत नाही.

माघानंतर आता पाच महिने होत आले आहेत, म्हणजे चिंगीचे गर्भाशय सध्या विश्रांतीच्या काळात असणार. शस्त्रक्रियेसाठी हाच सर्वांत चांगला काळ, तेव्हा या आठवड्यातच तारीख घ्यावी.

कृष्णाकाठ

सासूबाईंच्या मुद्द्याबद्दल. 'एक वेत होऊ द्यावे' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते, आणि ज्यांनी आयुष्यभर गाई-म्हशी पाहिल्या त्यांना ते पटणे स्वाभाविकही आहे; पण पिल्ले झाल्याने कुत्रीच्या आरोग्याला कोणतेही संरक्षण मिळत नाही. उलट, नसबंदी न झालेल्या मादीला वय वाढेल तसा पायोमेट्राचा, म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढत जातो. स्वीडनमधील विम्याच्या नोंदींवरून असे दिसले की दहा वर्षांच्या आत साधारण चारांपैकी एका मादीला हा आजार होतो. स्तनांच्या गाठींचा धोकाही नसबंदी लवकर केल्यास कमी होतो असे पशुवैद्यक सांगत आले आहेत, जरी त्यामागची जुनी आकडेवारी किती भक्कम आहे यावर अलीकडे वाद झाला आहे. मी तो आकडा पुढे करणार नाही. पायोमेट्राचा मुद्दा एकटाच पुरेसा आहे.

आणि पिल्लांचे पुढे काय? लॅब्रॅडॉर मादीला सात-आठ पिल्ले सहज होतात. लॅब आणि मुधोळ यांच्या संकरित पिल्लांना मागणारे चारजण आज हो म्हणतील आणि सहाव्या आठवड्यात फोन उचलणार नाहीत. विकायची म्हटली तर २०१७ सालच्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. सासूबाईंना हे सांगताना कायद्यापेक्षा आठ पिल्लांच्या शी-शूचे वर्णन अधिक उपयोगी पडेल, असा माझा अंदाज आहे.

बालाघाट

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या शेतावर कारवानी जातीचे नर आणि माद्या वर्षानुवर्षे नसबंदीशिवाय एकत्र राहतात आणि आम्हाला हवे तेव्हाच वेत होते. त्यामुळे हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. मात्र आमच्याकडे एकमेकांपासून लांब अशा दोन पक्क्या खोल्या आहेत आणि घरात नेहमी कोणी ना कोणी मोठे माणूस असते. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी आमच्या उदाहरणावर जाऊ नये. सोनचाफाताईंना मीही ऑपरेशनच करा असे सांगेन. तोवर कसे ठेवावे ते लिहितो.

डायपर हा फरशी स्वच्छ ठेवण्यासाठी असतो, त्याला कुलूप समजू नये. नर तो दातांनी ओढून काढतो, आणि मादी स्वतःही काढते. जाळीच्या किंवा गजांच्या दारावरही विश्वास ठेवू नये, कारण गजांमधूनही जोडी लागल्याची उदाहरणे आहेत. आमचा नियम असा आहे की माजावरची मादी आणि नर यांच्यामध्ये कायम दोन बंद दारे हवीत, म्हणजे एक दार कोणी चुकून उघडले तरी दुसरे शिल्लक राहते. घरात लहान मुले असतील तर हा नियम दाराच्या मागे कागदावर लिहून चिकटवावा.

आता दाराविषयी विशेष. हल्लीच्या दारांना खाली दाबायची लांबट मूठ असते. मुधोळ किंवा कारवानी नर मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचे पंजे नेमके त्या मुठीवर पडतात, आणि दार त्याच्यापासून पलीकडच्या बाजूला उघडणारे असेल तर त्याच्याच वजनाने ते उघडते. तो हे हुशारीने करतो की योगायोगाने, हा प्रश्न पहिल्याच दिवसापुरता असतो, कारण दुसऱ्या दिवसापासून तो हुशारीनेच करतो. दाराला वरच्या बाजूला साधी लोखंडी कडी बसवून घ्या.

शेराला वास लागला आहे हे ओळखायचे असेल तर त्याचा जबडा पाहावा. मादीने लघवी केलेली जागा चाटून झाल्यावर नर मान किंचित वर करतो, त्याचे दात थंडी वाजल्यासारखे कडकड वाजतात आणि ओठांच्या कडेला फेस येतो. त्यानंतर जेवण सोडणे, रात्रभर दारापाशी रडणे, घरात पाय वर करणे हे सगळे ओघाने येते. त्याला यासाठी मारू नये. त्याचा उपयोग तर नाहीच, उलट तो चिडका होतो. शक्य असेल तर त्या काळात नरालाच दुसऱ्या घरी पाठवणे सर्वांत सोपे. मादीला पाठवण्याचा विचार करू नये, कारण बहुतेक बोर्डिंगवाले माजावरची मादी घेत नाहीत, आणि तिचा वास मात्र तुमच्या घरात राहतोच.

सोनचाफा

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही तारीख घेण्याच्या बेतात होतो, पण काल सकाळी चिंगीच्या बसण्याच्या जागी रक्ताचे थेंब दिसले आणि तिचा मागचा भाग सुजलेला आहे. पाच महिन्यांतच असे कसे झाले? आता ऑपरेशन करावे की थांबावे? आणि पहिले काही दिवस तर ती शेराला जवळ येऊ देत नाही, गुरगुरते, तेव्हा ते दिवस सुरक्षित धरावेत का?

पशुधन (निवृत्त पशुवैद्यक)

पाच महिन्यांत माज येणे असामान्य नाही. सरासरी अंतर सहा-सात महिन्यांचे असले तरी चारपासून बारा महिन्यांपर्यंत फरक पडू शकतो, आणि दिनदर्शिका पाहून बेत केला की मादी असे चकवते.

शस्त्रक्रिया आता शक्य आहे, पण मी थांबायला सांगेन. या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्रावाची शक्यता वाढते. माज संपल्यावर लगेचही करू नये, कारण त्या वेळी शस्त्रक्रिया झाली तर संप्रेरके एकदम घसरतात आणि काही माद्यांना खोटा गाभ राहतो. सडांत दूध उतरते, त्या कोपऱ्यात घरटे करून चपला-खेळणी गोळा करतात. माज संपून दोन ते तीन महिने झाले की करावे. तुमच्या हिशेबाने ते दिवाळीच्या आसपास येईल.

सुरक्षित दिवसांचे गणित मात्र कृपया करू नये. रक्त दिसू लागल्यापासूनचा पहिला टप्पा सरासरी ९ दिवसांचा असला तरी तो कोणाला ३ दिवसांचा असतो तर कोणाला १७ दिवसांचा. त्यानंतर मादी नराला स्वीकारते, आणि हा दुसरा टप्पाही तितकाच अनिश्चित असतो. यात भर म्हणजे नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात आठवडाभर जिवंत राहू शकतात, म्हणून बीज सुटण्याच्या कितीतरी आधी झालेला समागमही गाभ राहायला पुरतो. अनेकांची फसगत होते ती आणखी एका ठिकाणी: लाल स्राव फिकट, गवताच्या रंगाचा झाला की घरच्यांना वाटते माज संपला, आणि नेमके तेच दिवस सर्वांत धोक्याचे असतात. पाठीच्या शेवटी हात ठेवल्यावर तिने शेपटी एका बाजूला वळवून धरली तर ती तयार आहे असे समजावे.

इतके करूनही जोडी लागलीच, तर ओढून सोडवू नये, पाणी ओतू नये, काठी तर अजिबात नाही. नराच्या इंद्रियाचा मागचा भाग आत फुगलेला असतो आणि जबरदस्ती केल्यास दोघांनाही इजा होते. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत ते आपोआप सुटतात. तोवर दोघांची डोकी शांतपणे धरून ठेवावीत आणि त्यानंतर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गर्भ टाळण्यासाठी इस्ट्रोजनचे इंजेक्शन द्यायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून चालते. तिने अस्थिमज्जेला इजा होऊ शकते आणि पायोमेट्राचा धोका वाढतो, म्हणून तिला नकार द्यावा. माज पुढे ढकलण्याच्या इंजेक्शनांविषयीही माझे हेच मत आहे.

शस्त्रक्रिया होईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत चिंगीचे पाणी पिणे वाढले, लघवी वाढली, जेवण मंदावले किंवा घाण वासाचा स्राव दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पायोमेट्रा प्रामुख्याने याच काळात होतो, आणि गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर बाहेर स्राव दिसतही नाही. खर्चाची अडचण असेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथे चौकशी करावी.

शेराच्या वेळी एक गोष्ट आठवणीने सांगावी. ग्रेहाउंडसारख्या, अंगावर चरबी नसलेल्या शिकारी कुत्र्यांना भुलीसाठी थायोपेंटोन दिले तर शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. मुधोळ त्याच घडणीचा आहे, त्यामुळे भुलीसाठी कोणते औषध वापरणार हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

सोनचाफा

डॉक्टर, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. शेराला आज सकाळीच वाईला माझ्या भावाकडे पोहोचवले. त्याच्याकडे दुसरा कुत्रा नाही आणि अंगणाला उंच भिंत आहे. सासूबाईंना पायोमेट्राबद्दल वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी दाराच्या कडीसाठी सुताराला त्यांनीच फोन केला. आता एवढेच विचारायचे आहे की शेराला परत कधी आणावे, आणि चिंगीला फिरायला न्यावे की नाही?

बालाघाट

ताई, पहिला थेंब दिसल्यापासून किमान चार आठवडे आणू नका. चार आठवड्यांनंतरही सूज पूर्ण उतरली आहे का आणि स्राव थांबला आहे का हे पाहा. शंका असेल तर आणखी एक आठवडा वाईचा पाहुणचार होऊ द्या. पहिली भेट घराबाहेर, दोघांच्या गळ्यात पट्टे असताना घडवा. चिंगीने त्याला झिडकारले आणि त्यानेही नाद सोडला, तर घरात घ्या. चिंगीची चादर-गादी त्याआधी धुऊन उन्हात टाका, नाहीतर पाळी संपली तरी तो त्या वासावर दोन दिवस घर डोक्यावर घेईल.

फिरायला न्या, पण पट्टा सोडू नका, मग ती कितीही आज्ञाधारक असो. रस्ता रिकामा असेल अशा वेळी, घरापासून गाडीने थोडे लांब नेऊन फिरवलेत तर लघवीचा माग थेट तुमच्या फाटकापर्यंत येणार नाही. गल्लीतले नर जवळ येऊ न देण्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी गाठ, जिला डॉक्टर टीव्हीटी म्हणतात, बरीच आढळते. ती बरी होते, पण त्यासाठी आठवड्याला एक याप्रमाणे इंजेक्शने घेत बसावे लागते. अंगणात मोकळे सोडणार असाल तर सोबत स्वतः उभे राहा, फाटकाखालची फट विटांनी बुजवा आणि भिंतीलगत ठेवलेली कुंडी किंवा पिंप हलवा, कारण बाहेरचा नर आत उतरायला आणि आतली मादी वर चढायला तेवढा आधार पुरतो.