मदत हवी आहे: रायझन ५६०० आणि जुना बी४५० बोर्ड

पहिलाच गेमिंग पीसी जुळवतोय. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय. बी४५० मदरबोर्ड मित्राने फुकट दिला, तिथेच फसलो. सॉकेट एएम४च आहे, म्हणजे प्रोसेसर बसतो, पण बायॉस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) त्याने २०१९ नंतर अपडेट केलेलं नाही, म्हणून बोर्ड हा नंतर आलेला प्रोसेसर ओळखत नसावा.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी. एकेक रॅम लावून पाहिली, सेल काढून सीमॉस (बायॉसच्या सेटिंग्ज) रिसेट केलं. (केबल ग्राफिक्स कार्डालाच लावलीय, तेवढं कळतं!) बोर्डाला फ्लॅशबॅकचं (चालू प्रोसेसरशिवाय बायॉस अपडेट करायचं) बटण नाही, तात्पुरता लावून अपडेट करायला ओळखीत कुणाकडे जुना रायझनही नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये कुणी नुसतं बायॉस अपडेट करून देतं का, साधारण किती घेतात? की सात हजारांच्या आत सरळ नवा बी५५० बोर्ड बघू?