उपनगराचा घरगुती अंक परत काढणाऱ्यांनो, अनुभव लिहा

आरकेनगरवाला
कॉलेजात असताना आम्ही मित्रमैत्रिणी कॉलनीचा अंक काढायचो, हातानं लिहून झेरॉक्स मारायची, पिना मारायच्या नि घरोघरी टाकायचा. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, अंक बंद पडला. आता परत काढतोय. कोल्हापूर म्हटलं की अंबाबाई, रंकाळा, तालमी, तांबडा-पांढरा, ते यावंच, पण पत्ता कोल्हापूरचा नि घरफाळा ग्रामपंचायतीला असले आम्ही पाचगाव-मोरेवाडीकडचे लोक, शेवटची केएमटी बस गेली की वडापनं, म्हणजे शेअर गाडीनं येणारे, आमचं कोण लिहिणार? ज्यांनी असं काही परत उभं केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

रमणमळ्यातून
आमचे जुने अंक 2019 च्या पुरात गेले. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलेलं, तिथं कागद काय टिकणार. परत सुरू करायचं ठरल्यावर आधी जुन्या अंकांसाठी ओळखीपाळखीत फिरलो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात, फळीवर डब्यांखाली अंथरलेला आमचा दिवाळी अंक सापडला, तेलाचे गोल डाग पडलेले पण अक्षर न अक्षर वाचता येतंय. काकूंनी एकेक डबा उतरवला नि म्हणाल्या, "ह्यात आमच्या ह्यांची कविता हाय, झेरॉक्स काढ आणि परत आणून दे." नव्या अंकात पहिल्या पानावर तीच कविता घेतली. नवा मजकूर मागायच्या आधी जुना अंक शोधा असं माझं ठाम मत आहे, माणसं तिथूनच जोडली जातात.

झेरॉक्सवाला दादा
एक ए-फोर मधे दुमडला की चार पानं, म्हणून पानं चारच्या पटीतच ठेवा. 16 पानी अंक असेल तर 16 आणि 1 शेजारी, त्यामागं 2 आणि 15, जोडीची बेरीज कायम 17 आली पाहिजे, एवढं बघितलं की पानं उलटसुलट लागत नाहीत. फिकट पेन्सिल उठत नाही, काळं जेल पेन वापरा आणि कडेला बोटभर जागा सोडा. घडीवर पिन मारायला लांब स्टेपलर लागतो, साधा पोचत नाही.

फुलेवाडीची लेक
आम्ही गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून नकाशा काढला, आता अपार्टमेंट आहे तिथं आधी काय होतं. ऊस, गुऱ्हाळ, एक विहीर. विहिरीच्या जागेवरून दोघींची जोरदार जुंपली, शेवटी दोन्ही जागा दाखवल्या! त्या अंकाच्या प्रती दुसऱ्यांदा काढाव्या लागल्या, कारण घर सोडून पुण्याला गेलेल्यांनीपण मागवल्या.

सानेगुरुजी वसाहत
कुणीतरी म्हणेलच की पीडीएफ करून ग्रुपवर टाका. नको. ग्रुपवर सकाळच्या शुभेच्छांच्या खाली दुपारपर्यंत गायब होतं. आम्ही गिरणीत आणि दूध डेअरीवर गठ्ठा ठेवतो, दळण होईपर्यंत माणूस निवांत वाचतो. गिरणीवाल्यांनी स्वतःहून खिळा ठोकून सुतळी बांधून दिली, अंक टांगायला. आरकेनगरवाले, पहिला अंक पाण्यावर काढा, टँकर कधी येतो, बॅरल कुणाकडं किती, रात्री मोटर कोण लावतं, तुमच्याकडं ह्यावर प्रत्येक घरात लिहिणारा निघेल. चित्रं लागली तर सांगा, मी काढून देते.