शब्दचर्चा : 'ग्रेटेस्ट हिट्स'ला मराठीत काय म्हणावं?

रानवारा

पॅट्सी क्लाइन या अमेरिकेतल्या 'कंट्री' संगीतप्रकारातल्या गायिकेवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. ५ मार्च १९६३ला टेनेसीत कॅम्डेनजवळ विमान कोसळून ती गेली, तेव्हा ती अवघी तीस वर्षांची होती. डेक्का कंपनीने १९६७मध्ये तिचा 'ग्रेटेस्ट हिट्स' काढला आणि पुढच्या पिढ्यांना ती मुख्यतः त्याच अल्बममधून भेटली. त्यामुळे लेखात हा शब्द पदोपदी येतो. 'सर्वोत्तम गाणी', 'गाजलेली गाणी', 'गीतसंग्रह', 'संकलन' असं सगळं लिहून पाहिलं, पण एकही शब्द नीट बसत नाही. तुम्ही काय वापराल?

मुद्रितशोधक

'गीतसंग्रह' आधी खोडा. कवितासंग्रह किंवा कथासंग्रह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कवीचं, कथाकाराचं नवं पुस्तक येतं. क्लाइनच्या हयातीत तीनच स्टुडिओ अल्बम निघाले, १९५७, १९६१ आणि १९६२ साली. 'संग्रह' हा शब्द त्या तिघांना शोभेल. आधी येऊन गेलेल्यातून वेचून काढलेल्या पुस्तकाला आपण 'निवडक' म्हणतो, आणि काहीही न गाळता सगळं एकत्र आणलं की 'समग्र'. हा भेद मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेला आहे, तो मोडू नये.

'संकलन'ची अडचण वेगळी आहे. मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संकलन म्हणजे एडिटिंग. बाहेर रक्तसंकलन, निधिसंकलन, माहितीचं संकलन. त्यात गोळा करणं आहे, पसंती-नापसंती नाही.

माझं मत 'गाजलेली गाणी'ला. सोपं आहे आणि 'हिट्स'ला जवळचं आहे.

पायवाट

'सर्वोत्तम' नकोच. तो 'बेस्ट ऑफ'चा अर्थ झाला. 'हिट' म्हणजे चाललेलं, खपलेलं, लोकप्रियतेच्या यादीत वर गेलेलं. उत्तम गाणं पडू शकतं आणि सुमार गाणं हिट होऊ शकतं. 'ग्रेटेस्ट' हे विशेषण हिट्सना लागलंय, गाण्यांच्या दर्जाला नाही. म्हणून 'सर्वाधिक गाजलेली गाणी'.

जुनी तबकडी

पायवाट, तुमचा भेद अगदी बरोबर आहे. पण नेमका तोच लावला तर 'गाजलेली' हा शब्द या अल्बमवर टिकत नाही. अल्बमवर काय आहे ते पाहू.

बारा गाणी आहेत. त्यांतली चार सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूची; मुख्य गाणं पुढच्या बाजूला असायचं. 'स्ट्रेंज' हे 'शीज गॉट यू'च्या पाठीवर होतं, 'यू आर स्ट्राँगर दॅन मी' हे 'सो राँग'च्या, 'बॅक इन बेबीज आर्म्स' हे 'स्वीट ड्रीम्स'च्या आणि 'व्हाय कान्ट ही बी यू' हे 'हार्टेक्स'च्या. यातलं 'हार्टेक्स', म्हणजे पुढच्या बाजूचं गाणं, अल्बमवर नाहीच. मागचं घेतलं, पुढचं सोडलं. 'व्हेन आय गेट थ्रू विथ यू' १९६२मध्ये कंट्रीच्या यादीत पहिल्या दहात गेलं होतं, तेही वगळलं. गाजण्याचाच हिशेब असता तर ते आत असतं आणि 'व्हाय कान्ट ही बी यू' बाहेर राहिलं असतं.

क्रम पाहा. पहिलं गाणं 'वॉकिन आफ्टर मिडनाइट', तिला देशभर नाव मिळवून देणारं. शेवटचं 'लीव्हिन ऑन युअर माइंड', जानेवारी १९६३चं, तिच्या हयातीत निघालेलं अखेरचं सिंगल. मधली गाणी मात्र सालवारीने नाहीत. 'स्वीट ड्रीम्स' तिच्या मृत्यूनंतर बाजारात आलं, ते इथे दुसऱ्याच क्रमांकावर आहे. हा क्रम कुणीतरी बसून, ऐकून लावलेला आहे. कव्हरवर 'हिट्स' छापलंय, आत मात्र निवड आहे.

म्हणून मी 'निवडक' म्हणेन. 'निवडक पॅट्सी क्लाइन'. मराठीत लेखकाच्या नावाआधी 'निवडक' लागलं की वाचकाला दोन गोष्टी न सांगता कळतात. एक, हे आधी प्रसिद्ध झालेलं आहे. दोन, निवडणारा कुणीतरी आहे आणि त्याच्या आवडीशी आपण भांडू शकतो. 'गाजलेली'मध्ये हा निवडणारा दिसेनासा होतो, जणू गाणी आपणहून येऊन रांगेत उभी राहिली.

आता इंग्रजी शब्दाबद्दल. अल्बमच्या नावात तो रूढ झाला तो कोलंबिया कंपनीच्या 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स'मुळे, १९५८ साली. गायक जॉनी मॅथिस. तो अल्बम बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत नऊ वर्षांहून अधिक काळ होता. मग प्रत्येक कंपनीला तसा अल्बम हवासा वाटला आणि 'ग्रेटेस्ट हिट्स' हे वर्णन न राहता मालाचा प्रकार झाला. डेक्काने १९६७मध्ये तेच लेबल लावलं. क्लाइनच्या या अल्बमला २००५मध्ये अमेरिकेत डायमंड मिळालं, म्हणजे एक कोटी प्रतींची नोंद. त्या घेणाऱ्यांतल्या कित्येकांनी 'व्हाय कान्ट ही बी यू' याच तबकडीवर पहिल्यांदा ऐकलं असणार. मागच्या बाजूचं ते गाणं या निवडीनेच घराघरांत नेलं. शब्द ठरवताना हे डोळ्यांआड करू नये, असं मला मनापासून वाटतं.

मुद्रितशोधक

'निवडक' पटलं. पण मग प्रत्येक ग्रेटेस्ट हिट्सला तेच म्हणणार का?

जुनी तबकडी

नाही. कंट्री गायक हँक विल्यम्सचा '४० ग्रेटेस्ट हिट्स' घ्या, १९७८चा, दोन तबकड्यांचा. हँक १ जानेवारी १९५३ला, एकोणतिसाव्या वर्षी गेला. नंतर एमजीएम या त्याच्या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर वरून व्हायोलिनं चढवली, मोनोचं, म्हणजे एकाच वाहिनीवरच्या आवाजाचं, नकली स्टिरिओ केलं. १९७८च्या या अल्बममध्ये ते सगळं उतरवून मूळ मोनो ध्वनिमुद्रणं दिली आणि गाणी बहुतांशी कालक्रमाने लावली. तिथे काम निवडीपेक्षा जमवाजमवीचं आणि शुद्ध पाठ लावण्याचं आहे. त्याला मी 'संकलन' म्हणेन, सिनेमावाल्यांचा अर्थ माहीत असूनही.

रानवारा

'निवडक' घेते. दोन शंका उरतात. संपादक 'कंट्री'ला 'ग्रामीण संगीत' करा म्हणतात. आणि 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'चं या अल्बमवरचं ध्वनिमुद्रण १९६१चं आहे, मूळ नाही. त्याला 'पुनर्मुद्रण' चालेल?

पायवाट

'ग्रामीण' करू देऊ नका. याच अल्बमवरच्या 'क्रेझी' गाण्यात फ्लॉइड क्रेमरचा पियानो आहे, पाठीमागे जॉर्डनेअर्स या गायकवृंदाचे आवाज आहेत. निर्माता ओवेन ब्रॅडली हा नॅशव्हिलच्या स्टुडिओतून शहरी कानांना रुचेल असं कंट्री घडवणाऱ्यांपैकी. त्याला ग्रामीण म्हटलं की आपला वाचक भलरी नाहीतर जात्यावरच्या ओव्यांकडे जाईल. 'कंट्री' राहू द्या, जॅझला आपण जॅझच म्हणतो.

जुनी तबकडी

'पुनर्मुद्रण' नको. ते पुस्तकाचं. तोच मजकूर पुन्हा छापला की पुनर्मुद्रण, आणि या अर्थाने तो शब्द जुन्या तबकड्या तशाच पुन्हा काढतात त्यांना लागेल. इथे ती पुन्हा गायली आहे. 'नव्याने ध्वनिमुद्रित' असं सरळ लिहा, आणि का तेही एका वाक्यात सांगा. १९५४पासून ती फोर स्टार कंपनीच्या करारात होती, त्यामुळे १९५६ला ध्वनिमुद्रित झालेलं आणि १९५७मध्ये गाजलेलं मूळ गाणं डेक्काच्या हक्काचं नव्हतं. तो करार सुटल्यावर ती थेट डेक्काकडे आली आणि १९६१मध्ये ब्रॅडलीकडे तेच गाणं पुन्हा गायली.

दोन्ही लागोपाठ ऐका, रानवारा. पहिल्यात स्टील गिटार पुढे आहे आणि आवाजात चालण्याची ठसक आहे. दुसऱ्यात मागे जॉर्डनेअर्स आहेत, लय ऐसपैस आहे आणि ती ओळीच्या शेवटी स्वर सोडताना घाई करत नाही. म्हणजे जे गाजलं ते ध्वनिमुद्रण या अल्बमवर नाहीच, त्याचं धाकटं भावंड आहे. 'निवडक' म्हणण्याला आणखी एक कारण.

मुद्रितशोधक

छपाईपुरतं सांगतो. अल्बमचं नाव हे विशेषनाम, ते भाषांतरित करू नका. पहिल्या उल्लेखात 'ग्रेटेस्ट हिट्स' हा तिच्या निवडक गाण्यांचा अल्बम, १९६७, असं अवतरणात लिहा. पुढे सगळीकडे नुसतं 'हा निवडक अल्बम' किंवा 'ही निवड' पुरेल. आणि 'हिट' हे विशेषण मात्र बिनधास्त वापरा. 'गाणं हिट झालं' हे आता मराठीच आहे, त्याला अवतरणचिन्हं लावायची गरज नाही.