३३ चे टायर टाकले आणि गाडी दमली म्हणे. दमणारच!

जुनी_५४०:
परवा एका ग्रुपवर एका महाशयांनी छातीठोक लिहिलं: "कुठल्याही गाडीला बिनधास्त ३३ इंची टायर टाका. क्राऊन-पिनियन बदलायला सांगणारे मेकॅनिकचं पोट भरतात. डिझेल इंजिनाला फरक पडत नाही." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे बोललो असतो तर काढून टाकलं असतं, म्हणून इथे लिहितोय. लांबेल, वाचायचं तर वाचा.

माझी एमएम ५४०, महिंद्राची जुनी जीप. घेतली तेव्हा २९ इंची टायर आणि ॲक्सलच्या हौसिंगमध्ये क्राऊन-पिनियनची ११-४७ जोडी. पिनियनला ११ दात, क्राऊनला ४७, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.२७. हाच रेशिओ. ती हौसिंग आधी कुणाच्या गाडीत होती देव जाणे. हौसेने ३३ टाकले. कॉलनीतली पोरं फोटो काढायला यायची. मग सहकुटुंब वणीच्या देवीला निघालो. नांदुरी सोडलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावरच हौस उतरली. तिसऱ्यात गाडी मरते, दुसऱ्यात टाकली की बोंबलते, मधे काही नाहीच. मागे एसटीवाला हॉर्नवरचा हात काढेना, क्लचचा जळका वास, मातोश्री ओटीचं ताट मांडीवर धरून गप्प.

घरी येऊन वहीत मांडलं. ४.२७ ला २९ ने गुणा, ३३ ने भागा. आलं ३.७५. म्हणजे स्वतःच्या पैशाने मी गाडीत ११-४१ बसवल्यासारखं केलं होतं! आता उलट मांडा. ४.२७ गुणिले ३३ भागिले २९, ४.८६. आणि ८-३९ ची जोडी असते ४.८८ ची. पुढे-मागे तीच टाकली, गाडी पुन्हा माणसात आली. स्पीडोमीटरसुद्धा जाग्यावर आला, कारण त्याची केबल ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्यातून, हौसिंगच्या आधीच निघते. एवढं सातवीतलं त्रैराशिक, आणि लोक म्हणतात फरक पडत नाही.

थार_ऑटो:
काका, तुमच्या प्यूजो इंजिनाला साठेक घोडे, त्यातले किती जिवंत आहेत ते तुम्हालाच ठाऊक. माझ्या थारला कंपनीचेच २५५/६५ आर १८ आहेत, म्हणजे ३१ इंच. ३३ केले तर फरक साडेसहा टक्के. ३०० न्यूटन मीटरचं टर्बो इंजिन आहे, ऑटोमॅटिक स्वतःच एक गिअर खाली घेतं. सव्वा वर्ष चालवतोय, कसारा तर झोपेत चढते. तुमचं गणित बरोबर असेल, पण ते तुमच्या गाडीपुरतं. सगळ्यांना कशाला घाबरवता?

जुनी_५४०:
काका कुणाला म्हणतोस रे? साडेसहा टक्के, मान्य. पण मूळ पोस्टमध्ये "कुठल्याही गाडीला" लिहिलंय, ते वाच. आणि तुझी गाडी चढते कुठे? गंगापूर रोडच्या स्पीडब्रेकरवर? मिसळ खायला ३३ कशाला लागतात?

थार_ऑटो:
मिसळीवर जाऊ नका.

सातपूर_गिअर:
दोघंही अर्धं बोलताय. गिअर कटिंगमध्ये आयुष्य गेलं म्हणून सांगतो. ११ दातांचा पिनियन काढून ८ चा टाकलात की त्याचं डोकं बारीक होतं. मोठं टायर त्याच पिनियनला जास्त पिळतं. म्हणजे ओढ मिळाली, पण ताकदीत थोडं गमावलंत, हे कुणी लिहीत नाही. दुसरं, क्राऊन आणि पिनियन एकत्र घासून लॅप केलेले असतात, ती जोडी मोडायची नाही. अंबड लिंक रोडला भंगार बाजार होता तेव्हा लोक एकीकडून क्राऊन, दुसरीकडून पिनियन आणायचे आणि मग "हौसिंग रडते" म्हणून माझ्याकडे यायचे. रडणार नाही तर काय! शिमच्या पातळ चकत्या घालून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) सहा-सात थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणायचा, दातांना रंग लावून ठसा बघायचा, मगच झाकण लावायचं.

आणि रेशिओ कुणाला विचारू नका, स्वतः मोजा. मागचं एकच चाक जॅकवर घ्या, दुसरं जमिनीवर, गाडी न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगड. हौसिंगला येणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टला खडूची खूण करा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा (दुसरं थांबलेलं, म्हणून एकाऐवजी दोन). शाफ्ट सव्वाचारच्या जरा पुढे गेला तर ४.२७, पाचला किंचित कमी पडला तर ४.८८. पुढच्या ॲक्सलचंही तसंच मोजा. एक ४.२७ आणि एक ४.८८ असताना डांबरावर फोर बाय फोर टाकलात तर आधी काहीतरी तुटेल, नंतर अक्कल येईल.

पेठरोड_ताई:
माझ्या दोन गोष्टी. एक, ॲव्हरेज कमी झालं म्हणून रडणारे. गिअर न बदलता २९ चे ३३ केले तर मीटरवर १०० दिसतात तेव्हा गाडी ११४ किलोमीटर गेलेली असते. आधी भागाकार सुधारा, मग रडा. दोन, मुळात ३३ हवेत कशाला? चार इंच वाढवून हौसिंग उचलली जाते दोनच इंच. साडेबारा इंच रुंद मड टायर आपल्या काळ्या मातीत दहा मिनिटांत गुळाची ढेप होतो. मी बारीक टायरवर १८ पीएसआय हवा ठेवते. ते चिखल कापून खालच्या मुरमापर्यंत जातं. मागच्या पावसात दोन ३३ वाल्यांना मीच ओढून काढलं. नावं सांगत नाही, दोघंही इथे आहेत.

थार_ऑटो:
ताई, तेव्हा मी ब्रेकफास्ट केला नव्हता.

कलम_५२:
कुणी कायद्याचं बोलेल का? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. पासिंगला मित्राचे टायर उसने आणणाऱ्यांनी अपघातानंतर विमा मागू नये.

जुनी_५४०:
आले न्यायमूर्ती.

भातखाचर:
त्र्यंबकच्या पलीकडून लिहितो. तुमचं ३१, ३३ वाचून ऱ्हायलो कधीचा. आमचा बांध दोन्हीने फुटतो. आषाढात आवणी, म्हणजे भाताची लावणी, होऊन तीन दिवस झालेले, रविवारी पाच गाड्या आल्या. वाट सोडून खाचरात. बांधाला दोन चाऱ्या पडल्या, गुडघाभर. रात्रीतून सगळं पाणी चुलत्याच्या वावरात. सकाळी रोपं चिखलावर आडवी, काही टायरच्या नक्षीत दाबलेली. दुसरं रोप कुठून आणू? एकाने पट्टा ऐनाच्या झाडाला बांधला, साल सोलून निघाली.

थार_ऑटो:
दादा, सगळेच तसे नसतात. आम्ही नेहमी विचारून जातो, आणि ट्रॅक्टरने काढलं की पैसेही देतो.

भातखाचर:
दिले ना. दोनशे. ट्रॅक्टर माझा, डिझेल माझं, फुटलेला बांधही माझा. वरून एक जण म्हणे, "मामा, व्हिडिओ चांगला आला."

पेठरोड_ताई:
हे वाईट झालं. पण दादा, खरं सांगा, गावातलीच पोरं पैसे घेऊन वाट दाखवतात. आम्हाला "इकडून जा, मजा येईल" कोण म्हणालं होतं?

भातखाचर:
ज्याने दाखवली त्याचं वावर तिथं नाही. तुमच्या पार्किंगमध्ये मी नांगर घातला आणि म्हटलं, वॉचमनने दाखवलं, तर?

थार_ऑटो:
नांगर आणि जीप एक नाही हो. पर्यटनाने गावाला पैसा पण येतो.

भातखाचर:
कुठल्या गावाला?

सातपूर_गिअर:
माझा मामा घोटीकडे भात लावतो. बांध कोरला म्हणून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या बोलणं नसतं, आणि तुम्ही चाक घालून वर पर्यटन शिकवताय. गप बस जरा.

कलम_५२:
मी मघाशी हेच म्हणत होतो.

सातपूर_गिअर:
तू विम्याचं म्हणत होतास.

जुनी_५४०:
दादा, गाड्या कुठल्या होत्या?

भातखाचर:
चार नव्या. एक जुनी लाल जीप, मागे पिवळा कॅन. नव्या चार कडेलाच फसल्या. लाल मात्र पार मधोमध गेली, हळूहळू, न थांबता. वर वाचलं तुमचं, गिअर बदलले की गाडी माणसात येते. तशीच आली असणार.

जुनी_५४०:
लाल जीप आमच्यातली आहे. माझी हिरवी, मी त्या दिवशी नव्हतो. पण त्याची ४.८८ ची जोडी मीच शोधून दिली. गणितही मीच मांडून दिलं होतं. आता काय बोलू. रोपांचं आणि बांधाचं जे होईल ते त्याच्याकडून घेऊन देतो, नाही दिलं तर मी देतो. रविवारी चार माणसं, कुदळ-फावडी घेऊन येतो, बांध तुम्ही सांगाल तसा घालू.

भातखाचर:
या. येताना एसटीने या.