१ मायक्रोसेकंदात ० ते १० व्होल्ट: रॅम्प सरळ का येत नाही?

प्रश्न
कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारं सर्किट) तपासायला १ मायक्रोसेकंदात ० ते १० व्होल्ट चढणारा सरळ रॅम्प हवा आहे, दर १० मायक्रोसेकंदांनी एकदा. सध्या १५ व्होल्टवरून १ किलोओहममधून १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर चार्ज होतो, पुढे एलएम३५८ या ऑप-ॲम्पचा बफर (कपॅसिटरवर भार न टाकता तेच व्होल्टेज पुढे देणारा). कपॅसिटरवर चढ वाकलेला दिसतो आणि बफरच्या आउटपुटला तर रॅम्प उरतच नाही. कुठे चुकतंय?

उत्तर १
दोष दोन आहेत. रेझिस्टरमधून चार्ज केलं की कपॅसिटर भरेल तसा प्रवाह कमी होतो. सुरुवातीला वेग मायक्रोसेकंदाला १५ व्होल्ट, साडेनऊ व्होल्टला पोचेपर्यंत साडेपाच. आणि एलएम३५८ चा स्लू रेट, म्हणजे आउटपुट बदलण्याचा कमाल वेग, मायक्रोसेकंदाला जेमतेम अर्धा व्होल्ट. तुम्हाला दहा हवेत.

रेझिस्टरच्या जागी १० मिलिॲम्पचा स्थिर प्रवाह द्या. २एन३९०६ या पीएनपी ट्रान्झिस्टरचा बेस लाल एलईडीने १५ व्होल्टच्या १.८ व्होल्ट खाली धरा, बेसवरून ग्राउंडला ४.७ किलोओहम, एमिटरला ११० ओहम. बेस ते १५ व्होल्ट १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच, नाहीतर वेगाने चढणारा कलेक्टर बेसलाही सोबत ओढतो.

कपॅसिटर डिस्चार्ज करायला २एन७००० हा मॉसफेट, ड्रेनला २२ ओहम. गेट १२ व्होल्टने चालवा (टीसी४४२७ हा गेट ड्रायव्हर उत्तम), ५ व्होल्टवर तो पुरता उघडत नाही. मॉसफेट चालू असताना तेच १० मिलिॲम्प २२ ओहममधून जातात, म्हणून कपॅसिटरवर पाव व्होल्ट उरतो आणि रॅम्प तिथून निघतो. बफरला एडी८०६५ हा वेगवान ऑप-ॲम्प, +१५ आणि −५ व्होल्टवर.

प्रश्नकर्ता
आता बराच सरळ आला, धन्यवाद. पण वरच्या टोकाला चढ किंचित तीव्र होतो, आणि चालू केल्यावर पहिली काही मिनिटं वेग वाढत राहतो. कपॅसिटर '१०२' लिहिलेला सिरॅमिक आहे.

उत्तर २
'१०२' वरून मूल्य कळतं, डायइलेक्ट्रिक (प्लेट्समधला पदार्थ) नाही. एक्स७आर प्रकारचा सिरॅमिक असेल तर व्होल्टेज वाढेल तसा कपॅसिटन्स घटतो, आणि तेवढाच प्रवाह त्याला जास्त वेगाने चढवतो. एनपीओ प्रकारचा लावा, त्याचा कपॅसिटन्स व्होल्टेजने जवळपास बदलत नाही. मॉसफेटचा आउटपुट कपॅसिटन्सही शून्याजवळ जास्त आणि वर कमी असतो, त्यामुळे थोडा वाक तरीही राहील. मोजताना ऑसिलोस्कोपचा १०एक्स प्रोब बफरच्या आउटपुटला लावा. १एक्स प्रोब थेट कपॅसिटरला लावला तर सुमारे १०० पिकोफॅरडची भर पडते, म्हणजे वेग जवळपास १० टक्के खाली.

मिनिटांचा बदल उष्णतेचा. ट्रान्झिस्टर ०.१४ वॉटने तापतो, बेस-एमिटर व्होल्टेज अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट उतरतं. एमिटर रेझिस्टरवर मुळात १.१ व्होल्टच आहेत, त्यामुळे २५ अंशांत प्रवाह साडेचार टक्के वाढतो. एलईडीचं व्होल्टेजही तापमानाबरोबर जवळपास तितकंच उतरतं, पण तो दूर असेल तर त्याला काही कळत नाही. ट्रान्झिस्टरच्या सपाट बाजूला एलईडी टेकवा आणि दोघांवर मिळून एकच हीट श्रिंक चढवा.