भक्ती बर्वे : फुलराणीच्या पुढचं
अभिनेत्री भक्ती बर्वे यांचं नाव निघालं की लोक म्हणतात, भक्ती बर्वे म्हणजे फुलराणी, विषय संपला. अहो, अर्धंच झालं की हे! 'ती फुलराणी' हे नाटक 1975चं, पुलंनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून केलेलं, ते ठीकच, पण बाई मुळात आवाजाच्या, दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या, त्यामुळे नाटकातल्या मंजुळाची, म्हणजे फुलराणीची, रांगडी बोली आणि नंतरची घासूनपुसून चकचकीत केलेली भाषा, दोन्ही लीलया. आमच्या आईने ते ठाण्याच्या गडकरी रंगायतनला बाल्कनीत बसून बघितलेलं, 'तुला शिकवीन चांगलाच धडा' हे मंजुळाचं स्वगत सुरू झालं आणि शेजारच्या काकूंनी सोलायला घेतलेलं संत्रं तसंच हातात राहिलं म्हणे, मासुंदा तलावावर चालायला गेलो की हे ठरलेलं ऐकायचं.

सिनेमे कमीच केले, पण जाने भी दो यारो (1983) परत बघा. त्यात त्या शोभा सेन झाल्यात, गोड बोलून पोरांना गुंडाळणारी संपादक, आख्ख्या धमाल सिनेमात बाई स्वतः एकदाही हसवायला जात नाहीत, म्हणून तर जास्त हसू येतं.

नवरा शफी इनामदार 1996ला गेले, आणि फेब्रुवारी 2001मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर भाताण बोगद्याजवळ अपघातात बाईही गेल्या. पुण्याला जाताना तो बोगदा आला की आई अजून गप्प होते.