लोहाची गोळी अंगी का लागत नाही?

सानिका_म:
हिमोग्लोबिन ९.४ आलं म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने एकही दिवस चुकवला नाही. परवा पुन्हा तपासलं तर ९.६! शौचाला मात्र पहिल्या आठवड्यापासून काळसर होतंय. आई म्हणते, "तुझ्या अंगी काही लागतच नाही." गोळी पोटात गेली, मग रक्तात का नाही? मधे अडतं कुठे?

रिकामटेकडा:
काळं होतंय ना? मग गोळीचा पत्ता लागला की.

बायोवाली_मावशी:
थट्टेत म्हटलंय, पण बरोबर आहे. न शोषलेलं लोहच तो रंग देतं. (डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना सांग, ते रक्त असू शकतं.)

सत्तावीस वर्षं शाळेत पचन शिकवलं. मुलांना पहिलं वाक्य हेच सांगायचे, की पोटात गेलेलं अजून शरीराच्या बाहेरच आहे. तोंडापासून खाली एक लांब नळी, तिच्या पोकळीतून अन्न जातं. आत शिरतं ते तिची भिंत ओलांडल्यावर. ही भिंत समजावायला मी वर्गात टर्किश टॉवेल न्यायचे. लहान आतड्याला आतून तशीच लव असते, पुस्तकी नाव रसांकुर. साधी चादर आणि टॉवेल, पाणी जास्त कोण टिपेल?

पण लोहाचं दार साऱ्या आतड्यात नसतं. ते मुख्यतः जठरानंतरच्या पहिल्या वीतभर भागात असतं, तिथून निसटलं की फारसं हाती लागत नाही. आणि दारावर पहारा कडक. धडधाकट माणूस अन्नातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह आत घेतो, कारण जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच शरीराकडे नाही. यकृतातून हेपसिडिन नावाचा निरोप येतो, "बास." मग पेशीत शिरलेलं लोह पेशीतच अडकतं, आणि आतड्याच्या त्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून जातात, लोहासकट. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा शरीराच्या कंजूषपणाचं हसू आलं होतं.

तुझ्या अंगात लोह कमी आहे, म्हणजे दार एरवीपेक्षा सताड उघडं असायला हवं. म्हणून विचारते, गोळी कशासोबत घेतेस?

सानिका_म:
सकाळी चहासोबत. दुधाचा.

बायोवाली_मावशी:
अगं बाई! चहातले टॅनिन लोहाला धरून बसतात, दुधातलं कॅल्शियमही आडवं येतं. नुसत्या पाण्यासोबत घे, चहा दोनेक तासांनी. लिंबू चालेल, त्यातलं क जीवनसत्त्व लोहाला शोषायला सोप्या रूपात आणतं.

गोळ्यावाला:
मी औषधांच्या दुकानात बसतो. एक राहिलं. सकाळी आणखी कुठली गोळी घेता का? लोह विरघळायला जठरातलं आम्ल लागतं.

सानिका_म:
ॲसिडिटीची. रिकाम्या पोटी, रोज. दोन वर्षं झाली. आधी कुणीतरी लिहून दिली होती, नंतर माझी मीच आणत राहिले.

गोळ्यावाला:
आणि लोहाच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत आहे?

सानिका_म:
नाही. त्यांनी विचारलं होतं, "दुसरं काही चालू आहे का?" मी नाही म्हटलं. ॲसिडिटीच्या गोळीला मी औषध समजतच नव्हते.

बायोवाली_मावशी:
मनानं बंद करू नकोस. दोन्ही पाकिटं घेऊन जा. पाळी जास्त जाते का, तेही सांग. आत येणाऱ्याइतकाच बाहेर जाणाऱ्याचा हिशोब लागतो.

सानिका_म:
गुरुवारची वेळ घेतली. आजची गोळी पाण्यासोबत घेतली आणि चहाकडे दोन तास बघत बसले.